चाई पडली? त्वचेच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताय तर हे वाचून जा

पार्लरमधली ताई केस विंचरता विंचरता मध्येच थांबली, माझा हात धरला आणि माझंच बोट डोक्याच्या मागच्या बाजूला, कानाच्या थोडं वर नेऊन टेकवलं, म्हणाली "ताई, इथे बघा हो". बोटाखाली केस नव्हतेच, नुसती गुळगुळीत कातडी, गालाला हात लावावा तशी, साधारण दोन रुपयाच्या नाण्याएवढी. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, मला पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून पुढचे दोन महिने मी जे जे केलं ते सगळं उलट्या क्रमाने केलं, आधी शेजारच्या काकूंनी सांगितला म्हणून लसूण चोळला, मग मेडिकलमधून बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी म्हणून विकतात त्या व्हिटामिनच्या गोळ्या आणल्या, मग "केसगळती पॅकेज" म्हणून एका लॅबमध्ये ढीगभर रक्ताच्या टेस्ट केल्या, आणि सगळ्यात शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. जायला हवं होतं तिथेच पहिल्यांदा. म्हणून हे लिहितेय, ज्यांना आत्ताच चाई दिसलीये आणि पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी, की तिथे गेल्यावर नक्की काय होतं, डॉक्टर काय बघतात, कुठली टेस्ट कशासाठी.

आधी एवढंच, की आपण जिला चाई म्हणतो तिला डॉक्टर अलोपेशिया एरियाटा म्हणतात. ऑटोइम्यून आहे, म्हणजे जी रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायला आहे तीच केसाच्या मुळावर उठते, मायक्रोस्कोपखाली मुळाभोवती पांढऱ्या पेशी अशा जमलेल्या दिसतात जसं मोहोळ उठलंय. पण केस पुन्हा उगवायची सोय त्या मुळात शिल्लक राहते, म्हणून चाईत केस परत येऊ शकतात, अगदी वर्षानुवर्षं गेलेले सुद्धा. किडा लागलेला नसतो, कोणाच्या कंगव्याने झालेलं नसतं, तुमच्यापासून कोणाला होणार नाही. आयुष्यात कधी ना कधी साधारण शंभरातल्या दोघांना होतं, तेव्हा तुम्ही जगावेगळे नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्ताची अशी एकही टेस्ट नाही जी पॉझिटिव्ह आली म्हणजे चाई आणि निगेटिव्ह आली म्हणजे नाही. चाई ओळखतात ती डोळ्यांनी आणि बोटांनी. बाकीच्या टेस्ट दुसऱ्या कारणांसाठी असतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असतेच, पण रात्रीच्या झोपा पण वाचल्या असत्या.

कोणाकडे जायचं आणि जायच्या आधी काय

त्वचारोगतज्ज्ञाकडे. फॅमिली डॉक्टरला आधी दाखवलंत तरी चालेल, ते पुढे पाठवतील. पण "हेअर एक्स्पर्ट", "काउन्सेलर" वगैरे पाट्या असतात तिथे समोर बसलेला माणूस डॉक्टर आहे का, एमबीबीएसनंतर त्वचेचं शिक्षण घेतलंय का, हे सरळ विचारा, विचारायला लाजू नका. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत केसपेपर काढून जा, सकाळी लवकर जावं लागतं आणि रांग मोठी असते पण तिथे चाईचे पेशंट रोज येतात, डॉक्टरांचा हात बसलेला असतो.

जायच्या आधी चट्ट्यावर काही चोळू नका. खरंच नका. माझ्या लसणाने कातडी भाजली, फोड आले, खपली धरली, आणि डॉक्टरांनी बघून सांगितलं की आता हा लालपणा आणि खपली आजाराची की लसणाची हे मला कळणार नाही, दोन आठवड्यांनी या. चाईची कातडी सहसा स्वच्छ असते, खपली नाही, जखम नाही, आणि ही खूणच मी पुसून टाकली होती. मेंदी, हेअर डाय, टक्कल झाकायची पावडर, डोळ्यातली काजळ-मस्कारा, सगळं त्या दिवशी टाळा. डोक्याला तेल चोपडून जाऊ नका, दुर्बिणीतून बघताना तेल चमकतं आणि धूळ चिकटून काळे ठिपके दिसतात. हातापायाचं नेलपेंट काढून जा, कारण नखं बघणार आहेत, का ते पुढे सांगते. काही डॉक्टर त्या दिवशी केस धुऊन येऊ नका म्हणतात, अपॉइंटमेंट घेतानाच विचारून टाका. आणि चट्टा दिसू नये म्हणून सगळं डोकं तासून जाऊ नका, तासलेल्या डोक्यावरून फारसं काही सांगता येत नाही.

फोटो मात्र घेऊन जा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून, तारीख लक्षात राहील असे. आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि घरातल्या कोणाला थायरॉईड, कोड, दमा, चाई आहे का याची चौकशी आईला, मावशीला, आत्याला फोन करून आधीच करून ठेवा. मला डॉक्टरसमोर बसल्यावर आठवेना, घरी आल्यावर आईने सहज सांगितलं की अगं तुझ्या मामाला दाढीत असा चट्टा पडला होता लग्नाआधी.

प्रश्न

पहिली दहा मिनिटं बहुतेक बोलण्यातच जातात आणि ती फुकट जात नाहीत. कधी दिसलं, अचानक की हळूहळू, केस गोल चट्ट्यात गेले की सगळीकडून विरळ झाले, आधी कधी असं होऊन आपोआप भरलं होतं का. खाज, जळजळ, दुखणं आहे का, कारण चाईत काहींना आधी थोडं चुरचुरतं पण खूप खाज-आग असेल तर डॉक्टर दुसऱ्या आजाराकडे बघतात. मागच्या तीन-चार महिन्यांत टायफॉईड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन, कडक डाएट झालंय का, त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात पण ते वेगळं, ते सगळीकडून गळतात आणि चट्टा पडत नाही. औषधं कुठली चालू आहेत. पाळी नियमित आहे का. लहानपणी एक्झिमा, सर्दी-शिंका, दमा होता का, कारण ॲलर्जीवाल्या प्रकृतीत चाई जास्त दिसते आणि थोडी चिवटही असते. थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, हे थायरॉईडसाठी. अंगावर पांढरे डाग आहेत का, हे कोडासाठी. सांधे दुखतात का, उन्हात चेहऱ्यावर लाल पुरळ येतं का, तोंड येतं का, हे ल्युपस नावाच्या दुसऱ्या एका ऑटोइम्यून आजारासाठी.

कधीकधी लैंगिक संबंधांबद्दल विचारतात, तेव्हा राग मानू नका, सिफिलिसमध्ये डोक्यावर कसरीने खाल्ल्यासारखे छोटे छोटे चट्टे पडतात आणि तो साध्या औषधाने पूर्ण बरा होतो, म्हणून विचारणं त्यांचं कामच आहे.

आणि झोप कशी आहे, मन कसं आहे, कामावर जाता का, आरशात बघता का, हे विचारणारे डॉक्टर मिळाले तर खरं खरं सांगा. "ठीक आहे" म्हणू नका. मी ठीक आहे म्हणाले होते आणि तेव्हा मी तीन आठवडे कुठल्याही कार्यक्रमाला गेले नव्हते. आता आजार किती तीव्र हे ठरवताना मनावर झालेला परिणाम सुद्धा धरतात, म्हणजे ते सांगणं रडगाणं नाही, माहिती आहे. फार खचल्यासारखं वाटत असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 आहे, मराठीत बोलतात.

बघणं, आणि फक्त डोकं नाही

डॉक्टर केसांचे भांग पाडत पाडत अख्खं डोकं बघतात, जिथे तुम्हाला माहीतच नाही तिथेही चट्टे सापडतात. माझा एक होता असं मला वाटत होतं, निघाले तीन. चट्ट्याचा आकार, कातडी गुळगुळीत आहे का, केसांची छिद्रं दिसतायत का. ही छिद्रं दिसणं ही फार चांगली बातमी असते, ती बुजून कातडी चकचकीत सपाट झाली असेल तर तो व्रण सोडणारा आजार असू शकतो आणि तिथे घाई करावी लागते, कारण त्यात मूळ कायमचं जातं.

चट्टे कुठे आहेत यालाही अर्थ आहे. कानामागून मानेवर पट्ट्यासारखे केस जातात त्याला ऑफियासिस म्हणतात, ग्रीकमध्ये ओफिस म्हणजे साप, डोक्याभोवती साप गुंडाळल्यासारखा पट्टा, हा प्रकार उपचारांना जरा दाद कमी देतो. सगळं डोकं गेलं तर टोटॅलिस, अंगावरचे सगळे केस गेले तर युनिव्हर्सालिस. आणखी एक प्रकार असा की चट्टा पडतच नाही, सगळीकडून भराभर विरळ होतं, तो ओळखायला अवघड. पांढरे केस चाई बऱ्याचदा सोडून देते आणि काळेच आधी उडवते, त्यामुळे ज्यांचे काळे-पांढरे मिश्र केस आहेत त्यांचं डोकं काही दिवसांत एकदम पांढरं झाल्यासारखं दिसतं, लोक म्हणतात धक्क्याने एका रात्रीत केस पांढरे झाले, तर तिथे बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

मग भुवया, पापण्या, दाढी, हातापायाची लव. आणि नखं. नखांवर सुईच्या टोकाने ओळीत टोचल्यासारखे बारीक खड्डे, किंवा सँडपेपर घासल्यासारखं खरखरीत नख, हे चाईत सापडतं आणि सापडलं तर आजार थोडा जास्त जोरात असण्याची शक्यता धरतात. माझ्या अंगठ्यावर असे सात-आठ खड्डे होते, वर्षभर नेलपेंटखाली.

केस ओढून बघणं

याला सगळे घाबरतात. काही दुखत नाही. डॉक्टर अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत साधारण पन्नास-साठ केस मुळाशी धरतात आणि हळू पण नेटाने टोकापर्यंत सरकवत आणतात. हातात किती आले ते मोजतात. एक-दोन आले तर काळजी नाही, पाच-सहाच्या वर आले तर तिथे आजार चालू आहे. चट्ट्याच्या कडेला एकदा आणि लांब, चांगल्या दिसणाऱ्या जागी एकदा असं करतात, कारण कडेचे केस सुटतायत म्हणजे चट्टा अजून पसरतोय, आणि सगळीकडचेच सुटतायत म्हणजे प्रकरण चट्ट्यापुरतं राहिलेलं नाही. निघालेल्या केसांची मुळं मायक्रोस्कोपखाली बघतात कधीकधी. घरी आरशासमोर उभं राहून रोज ही टेस्ट करत बसू नका, त्याने नुसता जीव टांगणीला लागतो.

दुर्बीण

डर्मोस्कोप म्हणजे टॉर्चसारखं दिसणारं, साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग, त्याला स्वतःचा दिवा असतो. डोक्यावर टेकवतात किंवा नुसतं जवळ धरतात, कधी थोडं जेल लावतात, गार लागतं एवढंच. याला ट्रायकोस्कोपी म्हणतात आणि माझ्या मते या सगळ्या तपासणीचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

माझ्या डॉक्टरांनी मोबाइल त्या भिंगाला जोडून मला स्क्रीनवर दाखवलं. कातडीवर काळे ठिपके होते, मला वाटलं घाण आहे, ते म्हणाले हे केस आहेत, कातडीच्या बाहेर यायच्या आतच तुटलेले. मग एक छोटासा केस दाखवला, तीन मिलिमीटर असेल, वरचं टोक जाड आणि काळं, खाली मुळाकडे येईतो निमुळता आणि फिका होत गेलेला, अगदी उद्गारचिन्ह काढावं तसा. याला उद्गारचिन्हाचा केसच म्हणतात. हा आणि काळे ठिपके चट्ट्याच्या कडेला दिसले की आजार आत्ता, या घडीला चालू आहे. पिवळे ठिपके म्हणजे रिकामी छिद्रं तेलकट द्रव्याने भरलेली, आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून पिवळे नाहीत म्हणजे चाई नाही असं होत नाही. आणि बारीक, आखूड, पांढरट लव किंवा डुकराच्या शेपटीसारखे वळलेले केस दिसले तर ते परत येणारे केस आहेत. नुसत्या डोळ्यांना चट्टा तसाच रिकामा दिसत असतो आणि भिंगातून मात्र लव दिसते, त्या दिवशी मी स्क्रीनचा फोटो काढून आईला पाठवला होता.

तर डॉक्टरकडे भिंग असेल तर मला पण दाखवा म्हणा. आणि फोटो काढून फाइलला ठेवायला सांगा, तीन महिन्यांनी त्याच जागेशी ताडून बघायला.

हे चाई नाहीच, असं कधी असतं

लहान मुलांमध्ये पहिला संशय गजकर्णाचा, डोक्यातल्या बुरशीचा. तिथे खपली असते, खाज असते, कधी मानेला गाठी येतात, भिंगातून स्वल्पविरामासारखे किंवा बूच काढायच्या स्क्रूसारखे पिळलेले केस दिसतात. मग चट्ट्यावरची खपली आणि दोन-चार तुटके केस खरवडून काचेवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, हे तासाभरात होतं आणि स्वस्त असतं. कल्चर लावलं तर रिपोर्टला तीन-चार आठवडे जातात. निळ्या-जांभळ्या दिव्याखाली पण बघतात, पण आपल्याकडे डोक्यात जी बुरशी बऱ्याचदा सापडते ती त्या दिव्यात चमकतच नाही, म्हणून दिव्यात काही दिसलं नाही म्हणजे बुरशी नाही असं धरू नका. हा फरक पाडणं फार गरजेचं, कारण चाई समजून बुरशीवर स्टेरॉइड लावलं तर ती माजते. आणि बुरशी एकाकडून दुसऱ्याला होते, चाई होत नाही. शाळेने मुलाला घरी बसवलं असेल तर डॉक्टरांकडून "हा संसर्गजन्य आजार नाही" असं लेटरहेडवर लिहून घ्या, लगेच देतात.

दुसरं, स्वतःचे केस उपटायची सवय. वेडावाकडा चट्टा, आत निरनिराळ्या लांबीचे तुटके केस. मुलं मुद्दाम करत नाहीत, बऱ्याचदा त्यांना कळतही नाही, तेव्हा डॉक्टरांनी तसं सांगितलं तर घरी जाऊन पोराला झोडपू नका, त्याचा वेगळा उपचार आहे. तिसरं, घट्ट वेण्या आणि ताणून बांधलेले अंबाडे, कपाळाच्या आणि कानाच्या कडेने केस जातात. बाकी लायकेन (हाही कातडीचा एक आजार), ल्युपस यांचे व्रण सोडणारे प्रकार आणि नेहमीचं आनुवंशिक टक्कल, तिथे जाड-बारीक केसांची मिसळ दिसते.

किती गेलं याचा हिशोब

नुसतं "बरेच गेले" याला अर्थ नाही म्हणून एक मोजमाप आहे, सॉल्ट स्कोअर. डोक्याचे चार भाग धरतात, वरचा भाग 40 टक्के, मागचा 24, उजवी बाजू 18, डावी बाजू 18. प्रत्येक भागातले किती टक्के केस गेलेत ते अंदाजाने ठरवून गुणतात. समजा वरचे अर्धे गेले, 40 चे अर्धे 20. मागचे पाव गेले, 24 चे पाव 6. डावीकडचे 10 टक्के गेले, 18 चे ते 1.8. उजवीकडे काही नाही. बेरीज 27.8. वीसपर्यंत सौम्य, 21 ते 49 मध्यम, 50 आणि वर तीव्र असं ढोबळ धरतात, पण भुवया-पापण्या गेल्या असतील, सहा महिने उपचार करून फरक नसेल, किंवा मनावर फार परिणाम असेल तर एक पायरी वर धरतात.

हा आकडा कागदावर लिहून मागा. बॅरिसिटिनिब नावाची गोळी अमेरिकेत जून 2022 मध्ये मोठ्या माणसांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झाली, तिच्या अभ्यासात 50 किंवा वर स्कोअर असलेलेच पेशंट घेतले होते आणि 20 किंवा खाली आला की यश धरलं होतं. म्हणजे कुठलं औषध तुमच्यासाठी आहे आणि लागू पडतंय का, हे सगळं या आकड्यावर बोललं जातं.

आता रक्त

माझ्या पॅकेजच्या रिपोर्टमध्ये टीएसएच एकदम कमी आणि टी-फोर जास्त आलं. नेटवर शोधलं, थायरॉईड जास्त काम करतंय असं निघालं, घरात रडारड. त्वचेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, बायोटिन घेता का? घेत होते, रोज 10 मिलिग्रॅम. शरीराला दिवसाला लागतं 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे मी तीनशे पटीच्या वर घेत होते, आणि बऱ्याच लॅबच्या मशिनमध्ये ही टेस्ट ज्या रसायनांवर चालते त्यात बायोटिनच वापरलेलं असतं, तेव्हा रक्तात ते जास्त असलं की आकडे खोटे येतात. गोळी बंद करून आठवड्याने परत केली, थायरॉईड ठणठणीत. अमेरिकेच्या औषध खात्याने 2017 मध्येच याचा इशारा दिलाय, हृदयविकारासाठी करतात त्या ट्रोपोनिन टेस्टवर सुद्धा परिणाम होतो. तर बायोटिन किंवा केसांची कुठलीही "मल्टिव्हिटामिन" घेत असाल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर डॉक्टर जास्त दिवस सांगतील, आणि लॅबवाल्याला सांगा.

मग कुठल्या टेस्ट योग्य? छोटा एखादा चट्टा, बाकी तब्येत छान, तर काहीच नको असंही डॉक्टर म्हणतात आणि ते बरोबर असतं. साधारण सांगतात त्या अशा: टीएसएच, कधी थायरॉईडच्या अँटीबॉडी, कारण चाईवाल्यांमध्ये थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार इतरांपेक्षा जास्त सापडतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, पाळी जास्त जात असेल तर नक्की, पण अंगात ताप किंवा कुठली सूज असताना फेरिटिन खोटं वर दिसतं म्हणून बरं झाल्यावर करा. ड जीवनसत्त्व, कमी असेल तर भरून काढतात, त्याने चाई जाईलच असं नाही. साखर. सिफिलिसचा संशय असेल तर व्हीडीआरएल. एएनए ही टेस्ट सरसकट करू नये, ती ठणठणीत माणसांमध्येही थोडी पॉझिटिव्ह येते आणि मग ल्युपसच्या भीतीने माणूस अर्धा होतो, लक्षणं असतील तरच.

कुठलीही टेस्ट लिहून दिली की मी आता एकच प्रश्न विचारते, "डॉक्टर, याचा रिपोर्ट असा आला तर काय बदलेल आणि तसा आला तर काय?" चांगले डॉक्टर दोन वाक्यांत उत्तर देतात.

बायोप्सी

बहुतेकांना लागत नाही. व्रणवाला आजार आहे का चाई, किंवा चट्टा नसलेली विरळ चाई आहे का दुसरं काही, असं अडलं तरच. शब्द ऐकून कॅन्सर डोक्यात येतो, तसं काही नसतं. चट्ट्याच्या चालू कडेला भुलीचं इंजेक्शन देतात, तेवढंच काय ते टोचतं आणि थोडं चुरचुरतं, मग 4 मिलिमीटरची गोल कातडी काढतात, बऱ्याचदा दोन तुकडे, एक आडवा कापून बघायला आणि एक उभा. एक-दोन टाके, आठ-दहा दिवसांनी काढतात. डोक्याला रक्तपुरवठा भरपूर म्हणून रक्त जरा जास्त येतं, घाबरू नका, ते दाबून धरतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

नवीन गोळ्या सुरू करायच्या आधीच्या टेस्ट

इथे मात्र टेस्ट कमी करायच्या मागे लागू नका. टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब या जॅक इन्हिबिटर गोळ्या आपल्याकडेही मिळतात आणि त्या प्रतिकारशक्तीला आवर घालतात, म्हणून आत लपून बसलेलं काही उफाळू नये याची खात्री करतात. छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी रक्ताची किंवा हातावरची टेस्ट, आपल्या देशात तर हे सोडूच नये. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही. रक्ताच्या पेशी, लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल. बायकांना गरोदरपणाची टेस्ट. कधी रक्ताची गाठ झाली होती का, हृदयाचा त्रास, सिगारेट, नागीण येऊन गेली का, लस राहिलीये का, हे विचारतात. सुरू केल्यावर ठरावीक महिन्यांनी परत रक्त. कोणी हे काहीही न करता गोळी हातात ठेवली, किंवा मेडिकलवाल्याने मैत्रिणीची चिठ्ठी बघून दिली, तर घेऊ नका, कळकळीने सांगते. आठवड्यातून सलग दोन दिवस घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर बीपी, साखर, वजन बघत राहायचं, आणि मुलांची उंचीसुद्धा.

पुढच्या व्हिजिटला

चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू असतील तर चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात. दर वेळी परत तेच, चट्टा मोजणं, कडेचे केस ओढून बघणं, भिंग, आणि इंजेक्शनच्या जागी कातडीला खड्डा पडलाय का ते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून दर आठवड्याला आरशात बघून निराश होऊ नका. मी एक सोपी गोष्ट करते, फाइलचं पारदर्शक प्लास्टिक कव्हर कापून चट्ट्यावर ठेवायचं आणि घरातल्या कोणाला तरी मार्करने कड गिरवायला सांगायचं, वर तारीख. माझा नवरा गिरवतो, मार्चचं कव्हर मेच्या कव्हरवर ठेवलं की कड कुठे आत आली आणि कुठे बाहेर गेली ते उजेडात धरल्यावर लगेच दिसतं, डॉक्टरसुद्धा ते बघून घेतात.

पहिले आलेले केस पांढरे असतील तर दचकू नका, रंग बऱ्याचदा नंतर भरतो. ते उपटू नका, त्यांना डाय लावू नका, तसेच घेऊन जा, डॉक्टरांना भिंगाखाली तेच बघायचे असतात.